महाधिवक्त्यांचं अर्धं पान

त्या सुताराला सूरला जायला मीच सांगितलं होतं.

हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढे नाही, मंडळातल्या मित्रांपुढे नाही, आणि ज्यांना ते ऐकायचा हक्क होता त्यांच्यापुढे तर नाहीच. वाक्य तसं लहान आहे. सात शब्द. एकदा गाडीत एकटा असताना मोठ्याने म्हणून बघावं असं ठरवलं, आणि तिसऱ्या शब्दाला रेडिओचा आवाज वाढवला. मी हा असा माणूस आहे.

आधीच सांगून टाकलं, कारण मला माझी खोड ठाऊक आहे. मी आमच्या ऑफिसातल्या वकील गृहस्थांच्या गमती सांगत बसेन, तुम्ही हसाल, तुमच्यामागून मीही हसेन, आणि मुद्दा राहून जाईल. मस्कतच्या मराठी मंडळींत त्यांचे किस्से सर्वांत रंगवून मीच सांगतो. नक्कल तर इतकी बरी करतो की लोक म्हणतात, "काय जीव होता तुमचा त्यांच्यावर!" मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, गहिवरलो.

आमच्या कंपनीचं ऑफिस अल् खुवैरला होतं. कामं बांधकामाची आणि इमारतींच्या देखभालीची. मी ॲडमिनमध्ये: कामगारांची रेसिडेंट कार्डं, रजा, तिकिटं, कॅम्पमधल्या खोल्या आणि त्या खोल्यांतले बिघडलेले एसी. ते कायदा विभागात. विभाग म्हणजे ते स्वतः, एक टेबल, एक सुदानी भाषांतरकार आणि एक शिक्का.

आणि ते भारतातल्या एका राज्याचे माजी महाधिवक्ता होते. राज्य कुठलं ते सांगत नाही. एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस आमच्या ऑफिसात, झेरॉक्स मशीनच्या शेजारी कसा, हे कुणाला कळत नव्हतं, कारण मुळात हुद्दाच कुणाला कळत नव्हता. आमच्या केरळी अकाउंटंटने एकदा धीर करून विचारलं, तेव्हा ते उठून उभे राहिले आणि दहा मिनिटं समजावून सांगितलं. राज्य सरकारवर कुणी दावा लावला तर सरकारच्या वतीने कोर्टात जो उभा राहतो, सरकार कायद्याबाहेर चाललं तर जो सरकारला घरात सांगतो, तो महाधिवक्ता.

अकाउंटंटने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सो, गव्हर्नमेंट सर्व्हंट ओन्ली?"

"येस," ते म्हणाले. "ओन्ली दॅट."

त्या दिवसापासून केरळी मंडळी त्यांना 'एजी साब' म्हणू लागली. आमचे अर्बाब, म्हणजे मालक, त्यांना 'वकील साब' म्हणायचे. अर्बाबचं मोडकंतोडकं हिंदीही माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी 'साहेब' म्हणायचो, आणि पाठीमागे 'महाधिवक्ते'. पाठीमागे बहुवचन वापरलं की चेष्टाही आदरासारखी ऐकू येते. ही युक्ती माझीच.

ते उठून उभे राहिले, असं मी म्हटलं. ते कायमच उभे राहायचे. इथल्या कोर्टात त्यांना उभं राहता येत नव्हतं. तिथे ओमानी वकील लागतो. म्हणून त्यांनी ती हौस ऑफिसात भागवली. कुणी काही विचारलं, अगदी रजेचा अर्ज कसा लिहू असं जरी, तरी खुर्ची मागे सरकवायची, काळ्या कोटाचं बटण लावायचं, दोन बोटं टेबलावर टेकवायची आणि मगच मत द्यायचं. बाहेर डांबर वितळत असायचं तरी अंगात कोट. फोनवरही उभे. एकदा माझ्या गाडीत असताना अर्बाबचा फोन आला, तर सवयीने अर्धे उठले आणि डोकं छताला आपटलं. तशा अवस्थेतही "युवर एक्सलन्सी, दोन मुद्दे आहेत" म्हणून पुढे चालू.

माझ्या गाडीत, कारण त्यांना गाडी येत नव्हती. इथे गाडी नसलेला माणूस म्हणजे अर्धा माणूस. लायसन्सची परीक्षा त्यांनी दिली होती. पिंपांच्या मधून गाडी उलटी घ्यायची असते. त्यांनी एक पिंप पाडलं. परीक्षक पोलिसाने 'नापास' म्हटल्यावर हे खाली उतरले आणि त्यांनी त्याची उलटतपासणी सुरू केली: पिंप आधीपासून कललेलं होतं किंवा कसे, वारा कुठल्या दिशेचा होता, आपण स्वतः ते पिंप सकाळी तपासलं होतंत काय. पोलीस सज्जन होता. सगळं ऐकून म्हणाला, "खलास?" हे म्हणाले, "खलास." तो म्हणाला, "नापास." पुन्हा कधी ते परीक्षेला बसले नाहीत. म्हणायचे, "निकाल मान्य. कारणमीमांसा अमान्य."

म्हणून सकाळ-संध्याकाळ मी त्यांचा सारथी. ते पुढे माझ्या शेजारी बसायचे. फायलींचा गठ्ठा मागच्या सीटवर, आणि त्या गठ्ठ्याला सीटबेल्ट. मी पहिल्या दिवशी हसलो तर म्हणाले, "हसा. पण त्यात अकरा माणसं बसलीत."

संध्याकाळी कधी घरी चहाला यायचे. माझी मुलगी तेव्हा दुसरीत, इंडियन स्कूलमध्ये. घरात आम्ही मराठी बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. साहेब तिच्याशी मराठीच बोलत, तेही कोर्टातलं. "सदरहू लाडू आपण खाल्ला किंवा कसे?" ती पहिल्यांदा घाबरली, मग तिला ते खेळासारखं वाटू लागलं. महिन्याभरात आमच्या मुलीला मराठी येऊ लागलं, पण कसलं, तर "बाबा, मी होमवर्क केलेलं आहे, सबब मला कार्टून दाखवावं." बायको पोट धरून हसायची. मुलगी त्यांना वकीलआजोबा म्हणायची. त्यांची स्वतःची मुलगी पुण्याला होती, पत्नी वारल्या होत्या. एवढंच मला ठाऊक. मी विचारलं नाही. मी कुणाला फार विचारत नाही. न जाणो, ते मला विचारतील.

आता तो शिक्का.

कंपनीचा नियम असा की सरकारी खात्याकडे कुणा माणसाविरुद्ध जाणारा प्रत्येक कागद कायदा विभागाच्या शिक्क्याशिवाय जायचा नाही. नियम अर्बाबचाच. पण साहेबांनी त्याला स्वतःचं कलम जोडलं होतं: ज्याच्याविरुद्ध कागद, त्याला ऐकल्याशिवाय शिक्का नाही. फोनवर नाही, समोर. "तुमची बाजू मला पाठ आहे," ते मॅनेजर लोकांना सांगत. "तुम्ही पगार देता. मला दुसऱ्याची सांगा."

याचा ताप मला. आमच्या ट्रकने इब्र्याला एका खजुराच्या बागेची भिंत पाडली होती. साइटवाल्यांचं म्हणणं, भिंत आधीच पडलेली होती, बागवाला खोटं बोलतो, त्याच्याविरुद्ध तक्रार करा. साहेब म्हणाले, "चला." कोट घालून, दोन तास, इब्रा. तिथे बागवाल्या म्हाताऱ्याने आम्हाला सतरंजीवर बसवलं, खजूर पुढे केले, कहवा दिला. साहेबांना अरबी चार शब्द, म्हाताऱ्याला हिंदी सहा. त्या दहा शब्दांत दोघे तासभर बोलले. मग साहेब उठले आणि भिंतीपाशी उकिडवे बसून पडलेल्या विटा उलटसुलट करून बघू लागले. ज्या बाजूला ऊन लागलेलं ती बाजू फिकट, तुटलेली बाजू ताजी, गडद.

"आधीच पडली असती तर तुटकी बाजूही विटली असती," म्हणाले. "भिंत आपणच पाडली."

परत येऊन आपल्याच कंपनीविरुद्ध मत दिलं. अर्बाब भडकले. "वकील साब, आप मेरा वकील है या बागवाले का?"

"आपका," साहेब उभे राहून म्हणाले. "इसीलिए आपको बता रहा हूँ. बागवाले को नहीं बताया."

अर्बाब हसले. भिंत बांधून दिली. मी मात्र महिनाभर ऑफिसात त्या विटांची नक्कल करून दाखवत होतो. उकिडवं बसून स्टेपलर उलटसुलट करायचो. फार हशा व्हायचा.

तशीच नक्कल त्यांच्या राजीनाम्याची. ती कथा ते दर दोन महिन्यांनी सांगत. शासनाने कुठल्या तरी प्रकल्पासाठी एका गावाची जमीन घेतली होती. गावकऱ्यांना नोटिसा मिळाल्या, त्यांच्या सह्या आहेत, असं शासनाचं शपथपत्र. साहेब कोर्टात जाताना गाडीत कागद चाळत होते, आणि त्यांच्या लक्षात आलं की साऱ्या सह्या एकाच हाताच्या आहेत. एकाच पेनाच्या. कोर्टात उभे राहिले आणि म्हणाले, "शासनाचं हे शपथपत्र मी वाचून दाखवू शकत नाही." इथे न्यायमूर्ती काय करतात ते मात्र दर वेळी बदलायचं. एकदा ते चष्मा काढून ठेवायचे, एकदा पाणी प्यायचे, एकदा नुसते खिडकीबाहेर बघायचे. त्यामुळे आम्ही त्यांच्या मागे पैज लावायचो, आज चष्मा की पाणी? शेवट मात्र तोच. शासन हरलं, आठवड्याच्या आत राजीनामा मागितला गेला, आणि साहेबांनी तो मागणाऱ्याला उभं राहून दिला. त्यानंतर वकिली चालेना. सरकारवाले म्हणत, हा आपला नाही. सरकारविरोधक म्हणत, हा तर त्यांचा होता. मग एका जुन्या अशिलाने अर्बाबपर्यंत पोचवलं.

एकदा मी गाडीत विचारलं, "साहेब, गप्प बसला असतात तर? सह्या कोण बघायला जाणार होतं?"

ते म्हणाले, "मी बघितल्या होत्या ना."

मी गाडी चालवत होतो, त्यामुळे पुढे बघणं सोयीचं होतं.

त्या सुताराकडे यायला मी किती वळसे घेतले बघा.

तो मालवणकडचा. आमच्या इब्र्याच्या साइटवर दारं-खिडक्या बसवत होता. हात असा की बिजागरी लावली की दार बोटाने ढकललं तरी आपोआप बसायचं. त्याचा मामा सूर या बंदराच्या गावी लाकडी जहाजं बांधायच्या कारखान्यात होता. एका दुपारी मी कॅम्पवर एसीची पाहणी करत असताना तो आला.

"मामाचो पाय मोडलो, साहेब. थंय त्याचा कोण नाय. चार दिस सूराक जावन येंव काय?"

रजा द्यायचा अधिकार मला नव्हता. ती प्रोजेक्ट मॅनेजर लेखी देतो, आणि तो दारं बसल्याशिवाय देणार नाही हे मला ठाऊक होतं. पण समोर आपल्या भाषेत बोलणारा माणूस, आणि मला मोठेपणा आवडतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. मी म्हणालो, "जा तू. मी बघतो."

मी बघतो. हे माझं आवडतं वाक्य. घरातला नळ गळतो, मी बघतो. बायकोच्या भावाच्या व्हिसाचं, मी बघतो. आमच्या बौद्ध मंडळाच्या हॉलचं बुकिंग, मी बघतो. आमच्या घरी या वाक्याचा अर्थ 'विसरा' असा होतो, हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी मॅनेजरचा फोन. "कारपेंटर कुठे आहे? दारं नुसती पडलीत!"

मी म्हणालो, "कॅम्पमध्ये नाही, सर. फोनही लागत नाही." दोन्ही खरं होतं.

"पळाला. रिपोर्ट टाइप कर. यल्ला, लवकर."

इथे सात शब्द बोलायचे होते. मी दोन बोललो. "ओके, सर."

पळून गेल्याची तक्रार म्हणजे काय, हे माझ्याइतकं ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. कार्ड रद्द, दिसला तिथे अटक, सरळ विमानात, आणि पुन्हा या देशात पाय नाही. पण मी मनाशी म्हटलं, तो चार दिवसांत येईल, मग तक्रार मागे घेऊ, कुणाला कळणारही नाही. मी बघतो. कागद घेऊन साहेबांकडे गेलो.

ते उभे राहिले. बटण लावलं. "माणसाला विचारलं?"

"फोन लागत नाही, साहेब."

"मग कॅम्पवर जाऊ. त्याच्या खोलीतल्यांना विचारू. चला."

खोलीतल्यांना सगळं माहीत होतं. तो कुणाला सांगून गेला हेही. मग मी जे केलं त्यात मला काहीही विचार करावा लागला नाही, याची मला आजही कमाल वाटते. मी चक्क रुसलो.

"साहेब, प्रत्येक कागदामागे इब्र्यापर्यंत धावायचं का? रोज तुम्हाला ने-आण करतो. माझ्या घरी चहा पिता. माझ्या शब्दावर एवढाही विश्वास नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बसले. बसून निर्णय देताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं. शिक्का उचलला आणि मारला.

"तुमच्या शब्दावर," ते म्हणाले.

सुतार सांगितल्याप्रमाणे पाचव्या दिवशी परत आला. कॅम्पच्या फाटकावर त्याला कळलं की तो पळून गेलेला आहे. पोलीस त्याला तिथूनच घेऊन गेले. त्याच्या पिशवीत एक लहानसं लाकडी जहाज होतं, शिडाच्या काठीसकट, बोटभर लांबीची वल्ही असलेलं. कारखान्यातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं. माझ्या मुलीसाठी. खोलीतल्या एकाने ते नंतर माझ्याकडे आणून दिलं. मी ते घेतलं.

साहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "पळून गेलेला माणूस परत कॅम्पवर येतो?" एवढंच. आणि आम्ही त्याला भेटायला गेलो. आम्ही, म्हणजे गाडी चालवायला मी.

पोलीस ठाण्यातल्या त्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. साहेब बसले नाहीत. सुतारही नाही. मी बसलो.

"कुणाला सांगून गेलात?" साहेबांनी विचारलं. ते कामगारांनाही अहो-जाहो करत.

सुताराने माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एखादी खुंटी सरळ बसली का बघावं इतकंच.

"माका आठवणा नाय, साहेब."

"मामांचा पाय मोडला हे आठवतं, तारीख आठवते, परवानगी कुणी दिली हे आठवत नाही?"

"नाय."

"तुम्ही स्वतःविरुद्ध बोलताय. तुम्हाला परत पाठवतील."

"जावंदे ओ. सुताराक खंयव काम गावता." मग माझ्या मुलीचं काढून मला म्हणाला, "तुमचा चेडू शाळेत आसा ना?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली, आभार म्हणून हलवली, की नुसतीच हलली, मला आजही सांगता येणार नाही. साहेब आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांच्या धंद्यात एवढा पुरावा पुष्कळ झाला.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला तीनदा विचारलं. पहिल्यांदा ठाण्यातून निघताच. "तुम्हाला काही सांगायचं आहे?" मी म्हणालो, "कशाबद्दल, साहेब?" दुसऱ्यांदा डोंगर संपल्यावर. "तक्रार चुकून झाली असं कंपनीने कळवलं तर तो सुटेल. पण चूक कुणाची, ते कळवावं लागेल. अर्धं पान पुरे." मी म्हणालो, "मॅनेजरला विचारून बघतो." तिसऱ्यांदा त्यांच्या बिल्डिंगखाली. गाडीतून उतरले, मागचा सीटबेल्ट सोडला, गठ्ठा कवेत घेतला आणि खिडकीतून वाकून म्हणाले, "मी तुमच्या बाजूनेही उभा राहीन. त्यासाठी तुमची बाजू मला माहीत पाहिजे."

मी म्हणालो, "गुड नाइट, साहेब." संध्याकाळचे पाच वाजले होते.

दुसऱ्या दिवशी अर्बाबच्या खोलीत. श्रम खात्यातून फोन आला होता: तुमचा माणूस पळाला म्हणता आणि तो तुमच्याच फाटकावर सापडतो, हा काय प्रकार? अर्बाबना असल्या फोनची सवय नव्हती. त्यांचे वडील, आजोबा याच गावात इज्जतीने धंदा करत आले होते. मॅनेजर होता, मी फाइल छातीशी धरून भिंतीला होतो. अर्बाबनी विचारलं, "किसकी गलती है?"

मॅनेजर माझ्याकडे बघू लागला. मी फाइलकडे.

साहेब उभेच होते. बटण लावलेलंच होतं.

"मेरी," ते म्हणाले. "कागद पर मुहर मेरी है. मुहर से पहले उस आदमी को सुनना मेरा काम था. नहीं सुना."

यात एक शब्द खोटा नव्हता. तेच मला आजवर पचलेलं नाही. ते खोटं बोलले असते, मला वाचवायला काही रचून सांगितलं असतं, तर मी निदान म्हणू शकलो असतो की म्हाताऱ्याने फसवाफसवी केली. त्यांनी फक्त स्वतःचा भाग सांगितला. माझा भाग माझ्यासाठी मोकळा ठेवला. खोलीत ती जागा होती. अर्बाब वाट बघत होते, एसीचा आवाज येत होता. मला आठवतं, मी त्या एसीकडे बघून मनात म्हटलं, याचा फिल्टर बदलायला हवा.

"वकील साब," अर्बाब शेवटी म्हणाले, "आप?" आणि मग हळूच, "खलास."

तक्रार मागे घेतली गेली. सुतार सुटला, त्याने दारं बसवली, करार संपवला. साहेबांना महिन्याअखेर जायला सांगितलं. कुणी हाकललं नाही. चांगलं जेवण दिलं, शाल दिली. भाषणात मी त्यांची नक्कल केली. सगळे हसले. तेही हसले, टाळ्याही वाजवल्या. उभे राहून.

जाण्याच्या आदल्या दिवशी घरी आले. मुलीने विचारलं, "वकीलआजोबा, आपण परत येणार किंवा कसे?" ते म्हणाले, "इन्शाल्ला. मामला प्रलंबित आहे." निघताना दारात त्यांनी मला एक पाकीट दिलं. "घाई नाही," म्हणाले. "मुदतीचा कायदा तुम्हाला लावत नाही."

आत अर्धं पान होतं. वर काही नाही. मधे काही नाही. अगदी खाली टाइप केलेलं माझं नाव, वडिलांच्या नावासकट, पूर्ण, आणि सहीसाठी रेघ.

विमानतळावर मी गेलो नाही. कॅम्पवर एसी बिघडला होता. खरंच बिघडला होता, पण मी नसतो तरी तो बिघडलेलाच राहिला असता.

त्यानंतरच्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात संविधानाची प्रस्तावना वाचायचा मान सचिव म्हणून माझा होता. दर वर्षी असतो. सगळे उभे, मी माइकवर. देणार म्हणून जे जे त्यात लिहिलंय त्यात न्याय सर्वांत आधी येतो, हे मी इतक्या वेळा वाचूनही कधी बघितलं नव्हतं. त्या शब्दाशी मला खोकला आला. पुढच्या रांगेतल्या एकाने पाण्याची बाटली पुढे केली. मी पाणी प्यालो. साहेबांच्या कोर्टातले न्यायमूर्तीही, ज्या दिवशी चष्मा नसे त्या दिवशी, तेच करत.

मी अजून इथेच आहे. बढतीही झाली. कामगारांच्या रजा आता मी लेखी देतो. सुतार सूरला मामाच्या जागी कामाला लागला असं कळलं. सूरला जायचं काम निघालं तर मी दुसऱ्या कुणाला पाठवतो. अर्बाब वर्षातून एकदा विचारतात, "वकील साब कैसा है?" आणि मान हलवतात. "बहुत अच्छा आदमी. एक ही गलती किया." मी म्हणतो, "जी." ते लाकडी जहाज आमच्या टीव्हीशेजारी आहे. मुलगी आता कॉलेजात आहे आणि मराठी झकास बोलते. सुट्टीत आली की ते पुसते आणि दर वेळी विचारते, हे कुणी दिलं? मी सांगतो, एका सुताराने. मागच्या सुट्टीत तिने पुढचं विचारलं. "बाबा, वकीलआजोबांना तुम्ही एअरपोर्टवर सोडायला गेला होतात किंवा कसे?" ती हसत होती. जुना खेळ. मी म्हणालो, "मी बघतो," आणि आत गेलो. हे उत्तर होत नाही, हे मला आतल्या खोलीत पोचल्यावर कळलं.

साहेब पुण्याला मुलीकडे असतात. ऐकू येणं जवळजवळ बंद झालं आहे, पण वाचन चालू आहे, असं कुणीतरी सांगितलं. म्हणजे फोन करून उपयोग नाही, ही सबबही गेली. त्यांना वाचता येतं.

आणि हे जे सगळं मी लिहिलं, ते ते पान नव्हे. एवढं लांबलचक लिहूनही यात कुणाचं नाव नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांचं मी आदरापोटी दिलं नाही. माझं सवयीने.

मी त्यांना अर्धं पान देणं लागतो. त्यावर सात शब्द, आणि खाली रेघेवर माझी सही.